सामना खेळवायचा, सँडविच करायचे आणि बातमीही आपणच लिहायची

तालुक्याच्या गावात खेळाचं पान कसं भरतं हे आमच्या धंद्यातल्या लोकांना चांगलं माहीत आहे. कबड्डीची स्पर्धा संपली की मंडळाचा एखादा कार्यकर्ता रात्री साडेनऊला ऑफिसात यायचा, हातात वहीचं फाडलेलं पान. बातमी त्यानेच लिहिलेली. सुरुवात 'अटीतटीच्या सामन्यात', शेवट आभार कोणी मानले त्याच्या नावाने. आता पानाऐवजी व्हॉट्सअ‍ॅप येतो, एवढाच फरक. आम्ही हसतो, चार ओळी कापतो आणि लावून टाकतो. पण त्या माणसाने ते पान आणून दिलं नसतं, तर तो सामना कागदोपत्री झालाच नसता.

म्हणूनच अमेरिकेतल्या एडी रॉबिन्सन या कोचबद्दल वाचताना मी एका तपशिलावर अडकलो. हा माणूस मैदानावरचं गवत कापायचा, चुन्याच्या रेघा मारायचा, पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधायचा, सामना खेळवायचा, आणि सामना संपला की वर्तमानपत्रासाठी बातमीही स्वतःच लिहायचा. कारण गोऱ्यांच्या पेपरात काळ्या कॉलेजच्या सामन्याची बातमी घ्यायला कोणी येणारच नव्हतं.

आधी एक खुलासा. हा आपला फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर चिलखत, आणि नाव फुटबॉल असलं तरी चेंडू बहुतेक वेळ हातात. अमेरिकेत हा खेळ कॉलेजांनी वाढवला. शनिवारी कॉलेजचे सामने, रविवारी व्यावसायिक संघांचे. आपल्याकडे इंटर-कॉलेजिएट स्पर्धा प्राचार्य आणि खेळाडूंचे मित्र सोडून कोणी बघत नाही. तिकडे त्यासाठी लाखभर माणसांची स्टेडियमं भरतात आणि मोठ्या विद्यापीठाच्या कोचला राज्याच्या गव्हर्नरपेक्षा कितीतरी जास्त पगार असतो. तेव्हा 'कॉलेजचा कोच' म्हटल्यावर आपल्या पीटीच्या सरांचं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. रॉबिन्सन यांच्या सुरुवातीच्या काळात मात्र ते चित्र बरोबर बसतं.

थोडं मागे जाऊ. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रो गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. पुढे काय झालं ते मात्र सांगत नाही. अवघ्या चार वर्षांत, १८७७ मध्ये, उत्तरेने दक्षिणेतलं आपलं सैन्य काढून घेतलं आणि काळ्यांना पुन्हा जुन्या मालकांच्या हवाली केल्यासारखं झालं. मताचा हक्क गेला. शाळा, रेल्वेचा डबा, खानावळ, दवाखाना, सगळं वेगळं झालं. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळं पण समान' म्हणत त्यावर शिक्कामोर्तब केलं. तो खटला लुइझियाना राज्यातल्या रेल्वेच्या डब्यावरून उभा राहिला होता.

त्याच लुइझियानाच्या उत्तर भागात, पाइनच्या जंगलात, काळ्या शेतकऱ्यांनी त्याच वर्षी एक संघटना काढली. आपल्या पोरांना शाळा हवी म्हणून त्यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांना साकडं घातलं. त्यांनी आपल्या टस्कीगीच्या संस्थेतून चार्ल्स अ‍ॅडम्स नावाच्या तरुणाला पाठवलं आणि १९०१ मध्ये शाळा सुरू झाली. पुढे तिचं ग्रॅम्बलिंग कॉलेज झालं. सरकारने दिलेली ही शाळा नव्हे, शेतकऱ्यांनी मागून, जमीन आणि घाम घालून उभी केलेली. कर्मवीरांच्या रयतमध्ये शिकलेल्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

एडी रॉबिन्सन यांचा जन्म १९१९ चा. वडील वाट्याने शेती करणारे, आई घरकाम करणारी. पोरगं तिसरीत असताना हायस्कूलचे कोच आपल्या खेळाडूंना गणवेशात वर्गात घेऊन आले. त्या दिवशी या मुलाला खेळाडू नव्हे, कोच व्हावंसं वाटलं. ते पुढे लेलंड कॉलेज नावाच्या छोट्या बाप्टिस्ट कॉलेजात गेले, क्वार्टरबॅक म्हणून खेळले. तिथले कोच रूबेन टर्नर हे धर्मोपदेशकही होते. त्यांनी या पोराला डावपेचांची वही हातात दिली आणि कोचिंगच्या शिबिराला सोबत नेलं.

१९४१ मध्ये पदवी हातात आली तेव्हा नोकरी मिळाली ती बॅटन रूजमध्ये पशुखाद्याच्या गिरणीत. तासाला २५ सेंट. त्याच वर्षी डोरिस यांच्याशी लग्न झालं, आणि त्याच वर्षी ग्रॅम्बलिंगला कोच हवा असल्याचं कळलं. पगार महिना ६३ डॉलर ७५ सेंट. मदतीला पगारी सहायक एकही नाही. फुटबॉल तर शिकवायचाच, शिवाय बास्केटबॉल, शिवाय मध्यंतरात कवायत करणाऱ्या मुलींचा सराव. अंगावर पडेल ते काम.

पहिल्या हंगामात तीन सामने जिंकले, पाच हरले. दुसऱ्या हंगामात, १९४२ मध्ये, नऊपैकी नऊ जिंकले आणि संपूर्ण हंगामात प्रतिस्पर्ध्यांना एक गुणसुद्धा करू दिला नाही. एक गुणही नाही! मी हे दोनदा तपासलं.

मग महायुद्धाने दोन वर्षं संघच बंद पडला. रॉबिन्सन तेवढा काळ गावातल्या हायस्कूलच्या पोरांना शिकवत राहिले. कापसाची प्रसिद्ध गोष्ट त्या सुरुवातीच्या दिवसांतली. दोन चांगल्या खेळाडूंना त्यांच्या वडिलांनी संघातून काढलं, कारण कापूस वेचणीला आला होता आणि घरात हात कमी होते. कोचने काय करावं? बापाला समजवायला सरपंच-पुढारी घेऊन जाण्याऐवजी हा माणूस अख्खा संघ घेऊन शेतात गेला. सगळ्यांनी मिळून कापूस वेचला, शेत मोकळं केलं आणि दोन्ही पोरं परत आणली. विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही शिक्षकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. दिवाळीनंतर वर्गातली कोणती बाकं रिकामी होतात आणि का, हे त्यांना पाठ आहे.

बाहेरगावच्या सामन्यांचं वेगळंच. वाटेतल्या खानावळींत काळ्यांना प्रवेश नाही. म्हणून रॉबिन्सन निघण्यापूर्वी पोरांसाठी सँडविच बांधून घ्यायचे. कोणी जखमी झालं तर दवाखान्यात पोचवायचं कामही त्यांचंच. सकाळी सहाला वसतिगृहात गायीच्या गळ्यातली घंटा वाजवत फिरायचे, पोरं वर्गाला गेली पाहिजेत म्हणून. प्रवासात कोट-टाय. जेवताना काटा-चमचा कसा धरायचा तेही शिकवायचे.

आणि आता माझा आवडता माणूस. १९४८ मध्ये ग्रॅम्बलिंगने कॉली निकोल्सन नावाचा प्रसिद्धी अधिकारी नेमला. युद्धात मरीन दलाचा वार्ताहर म्हणून काम केलेला. गोरे पेपर दारात उभं करत नाहीत म्हणून तो रडत बसला नाही. देशभरात काळ्यांची स्वतःची साप्ताहिकं होती, त्यांना तो दर आठवड्याला टाइप केलेल्या बातम्या धाडत राहिला. जंगलातल्या छोट्या कॉलेजचं नाव शिकागो-पिट्सबर्गच्या काळ्या वस्त्यांत घरोघरी गेलं ते या टपालामुळे. पुढे संघाला न्यूयॉर्कला न्या, टोकियोला न्या, या कल्पनांमागेही तोच होता. १९७६ मध्ये ग्रॅम्बलिंग खरोखरच टोकियोत जाऊन खेळून आलं. खेळाच्या इतिहासात कोचची नावं राहतात, बातमी पाठवणाऱ्याचं क्वचित. म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

१९४९ मध्ये टँक यंगर नावाचा ग्रॅम्बलिंगचा खेळाडू लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघात गेला. काळ्यांच्या कॉलेजातून एनएफएलमध्ये गेलेला हा पहिलाच खेळाडू. रॉबिन्सन यांनी त्याला बजावलं होतं की तू तिथे टिकला नाहीस तर आपल्यातल्या दुसऱ्याला संधी मिळायला किती वर्षं जातील सांगता येत नाही. एका पोराच्या खांद्यावर केवढं ओझं! तो दहा हंगाम टिकला. त्याच्यामागून विली डेव्हिस, बक ब्युकॅनन, विली ब्राउन, चार्ली जॉइनर गेले. हे चौघेही पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पोचले. १९६३ मध्ये नव्या एएफएल लीगच्या निवडीत देशातल्या सगळ्या कॉलेजांतून पहिलं नाव पुकारलं गेलं ते ब्युकॅननचं. रॉबिन्सन यांच्या हाताखालून व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेलेल्यांची संख्या दोनशेच्या वर जाते.

पण एक जागा बंद होती. क्वार्टरबॅक. या खेळात प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू त्याच्या हातात येतो आणि पुढे काय करायचं ते तो ठरवतो. संघाचा मेंदूच म्हणा. काळा पोरगा वेगाने पळेल, जोरात धडकेल, पण डोकं चालवणार नाही, अशी गोऱ्या मालकांची पक्की समजूत. कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून गाजलेल्या काळ्या पोरांना व्यावसायिक संघात गेल्यावर दुसऱ्याच जागेवर खेळवलं जाई. रॉबिन्सन यांनी जेम्स हॅरिसला ठरवून या जागेसाठी घडवलं आणि जागा बदलू नकोस असं सांगून पाठवलं. १९६९ मध्ये हॅरिस बफेलो संघाकडून हंगामाच्या पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरला. असा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय. नंतर डग विल्यम्स आला. ३१ जानेवारी १९८८, सुपर बोल. विल्यम्सच्या वॉशिंग्टन संघाने डेन्व्हरला ४२–१० असं धुतलं, त्यातले ३५ गुण एकट्या दुसऱ्या सत्रात. सामनावीर विल्यम्स. यंगर ते विल्यम्स, मध्ये एकोणचाळीस वर्षं गेली.

इथपर्यंतची गोष्ट छान आहे, शाळेत सांगता येईल अशी. आता अवघड भाग.

साठच्या दशकात दक्षिण पेटलेली होती. मोर्चे, तुरुंग, कुत्री, पाण्याचे फवारे. रॉबिन्सन यात कुठे होते? कुठेच नव्हते. ते संघ तयार करत होते आणि अमेरिकेवर माझी श्रद्धा आहे असं जाहीर सांगत होते. तरुणांना हे बोचत असे. १९६७ मध्ये ग्रॅम्बलिंगच्याच विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं. त्यांची तक्रार अशी की कॉलेज फुटबॉलमध्येच गुंतलंय, शिक्षणाकडे कोण बघणार? प्रशासनाने काही विद्यार्थ्यांना काढून टाकलं. पुढच्याच वर्षी ग्रॅम्बलिंगवर टीव्हीसाठी माहितीपट निघाला आणि न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर साठ हजारांवर लोकांपुढे मॉर्गन स्टेट कॉलेजशी सामना झाला. ९–७ असे हरले, पण नाव देशभर झालं. कॉलेजची कीर्ती आणि त्या काढलेल्या पोरांचा प्रश्न, दोन्ही एकाच वेळी खरं होतं. मला विचाराल तर पोरांचा मुद्दा बरोबर होता. आणि तरीही ज्या माणसाने वीस वर्षं सँडविच बांधले त्याला 'गप्प बसणारा' म्हणून निकालात काढणं मला जमत नाही. त्याच्या परीने तोही दार ठोठावतच होता, आवाज वेगळा होता एवढंच.

दार उघडलं तेव्हा काय झालं ते बघा. सप्टेंबर १९७० मध्ये अलाबामा विद्यापीठाचा संपूर्ण गोरा संघ आपल्याच राज्यात, बर्मिंगहॅमला, कॅलिफोर्नियाहून आलेल्या यूएससी संघाकडून ४२–२१ असा हरला. यूएससीच्या सॅम कनिंगहॅम या काळ्या खेळाडूने त्यांची दाणादाण उडवली. अलाबामाचे कोच बेअर ब्रायंट. ते स्वतः तिथेच कॉलेजात खेळलेले आणि मग दक्षिणेतले सगळ्यात मोठे कोच झालेले. त्यांनी काळ्या खेळाडूंना घ्यायला त्याच्या थोडं आधीच सुरुवात केली होती, पण हा पराभव पाहिल्यावर गोऱ्या चाहत्यांचा विरोधही मावळला असं म्हणतात. न्यायाने जे पटलं नाही ते हरल्यावर पटलं.

मग दक्षिणेतल्या सगळ्याच मोठ्या विद्यापीठांना काळे खेळाडू हवे झाले. मोठं स्टेडियम, टीव्ही, शिष्यवृत्ती, चकचकीत वसतिगृहं. पूर्वी जो ब्युकॅनन मुकाट ग्रॅम्बलिंगला यायचा, तो आता कशाला येईल? रॉबिन्सन यांना आता उरलेल्यांतून निवड करावी लागली.

खेळाडू घेतले, कोच मात्र घेतले नाहीत. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची गाठ इथे आहे. मोठ्या विद्यापीठांच्या वरच्या गटात पहिला काळा मुख्य कोच नेमला गेला १९७९ मध्ये, विचिटा स्टेटमध्ये विली जेफ्रीज. एनएफएलमध्ये आधुनिक काळातला पहिला काळा मुख्य कोच आर्ट शेल, त्याला १९८९ उजाडलं. शाळांतही तसंच घडलं होतं. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. नंतर काळी पोरं गोऱ्यांच्या शाळेत गेली, काळ्यांच्या शाळा बंद पडल्या आणि तिथल्या हजारो काळ्या शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. एकत्र येणं म्हणजे काय, तर तुमची पोरं आमच्याकडे द्या, तुमचे गुरुजी तुमच्याकडेच ठेवा. निर्णय चुकीचा होता असं मी अजिबात म्हणत नाही. अंमलबजावणी कोणाच्या सोयीने झाली, एवढंच विचारतोय.

तरी रॉबिन्सन जिंकत राहिले, हे विशेष. ५ ऑक्टोबर १९८५ ला डॅलसमध्ये प्रेअरी व्ह्यू संघाला २७–७ असं हरवून त्यांनी ३२४ वा विजय मिळवला आणि ब्रायंट यांचा ३२३ चा विक्रम मागे टाकला. लगेच कुजबुज सुरू झाली. छोट्या कॉलेजांविरुद्धचे विजय ते, ब्रायंटशी तुलना कशी करता? अहो, पण छोट्या कॉलेजांविरुद्ध खेळणं ही काय त्यांची आवड होती? मोठी कॉलेजं तीन दशकं त्यांच्याशी खेळायलाच तयार नव्हती. ब्रायंट यांनीसुद्धा १९७० पर्यंत फक्त गोऱ्या पोरांतूनच संघ निवडला, तो हिशोब मात्र कोणी मांडत नाही. विशेष म्हणजे या दोघांचे संबंध चांगले होते. तक्रार पेपरवाल्यांची होती, म्हणजे आमच्याच जमातीची.

१९९५ मध्ये ४०० वा विजय आला. कॉलेज फुटबॉलमध्ये तिथवर कोणीच पोचलं नव्हतं. पण ती तीन वर्षं वाईट गेली. १९९६ मध्ये तीन जिंकले, आठ हरले, एनसीएएची चौकशी मागे लागली आणि त्यांना घरी बसवायच्या हालचाली सुरू झाल्या. लोक खवळले तेव्हा आणखी एक वर्ष दिलं. १९९७ मध्ये पुन्हा तीन विजय, आठ पराभव. एकूण ५५ हंगाम, एकच संस्था, एकच बायको. ४०८ विजय, १६५ पराभव, १५ बरोबरी. त्यांच्या जागेवर डग विल्यम्स आला.

शेवटी रॉबिन्सन यांना अल्झायमरने गाठलं. ज्या माणसाला हजारो पोरांची नावं पाठ होती त्याला. एप्रिल २००७ मध्ये ते गेले, वय ८८. ज्या बॅटन रूजच्या गिरणीत ते २५ सेंटवर राबले होते, त्याच शहरातल्या राज्याच्या कॅपिटलमध्ये त्यांचं पार्थिव दर्शनासाठी ठेवलं होतं.

विक्रमाचं पुढे काय झालं तेही ऐका. २०११ मध्ये पेन स्टेटचे जो पटर्नो ४०९ वर पोचले. मग तिथल्या सहायक कोचने मुलांवर केलेल्या अत्याचारांचं प्रकरण फुटलं, २०१२ मध्ये त्यांचे १११ विजय काढून घेतले गेले आणि मेलेले रॉबिन्सन पुन्हा मोठ्या विद्यापीठांच्या यादीत पहिले झाले. २०१५ मध्ये तडजोड होऊन ते विजय परत दिले. असो. आकड्यांची किंमत आकडे ठरवणाऱ्यांवर असते.

ग्रॅम्बलिंगचं स्टेडियम आता रॉबिन्सन यांच्या नावाचं आहे, त्यांचं संग्रहालयही आहे. दरम्यान लुइझियाना सरकारने उच्च शिक्षणाच्या अनुदानाला कात्री लावली, आणि ग्रॅम्बलिंगला मिळणारा सरकारी पैसा २००८ नंतरच्या पाच-सहा वर्षांत निम्म्याहून जास्त घटला. पुन्हा कोच झालेल्या डग विल्यम्सने व्यायामशाळेच्या फरशीसाठी बाहेरून पैसे जमवले, त्यावरून प्रशासनाशी वाजलं आणि सप्टेंबर २०१३ मध्ये त्याला काढलं. सुपर बोल जिंकलेल्या माणसाला. पुढच्याच महिन्यात खेळाडूंनी तक्रारींचं पत्र दिलं. व्यायामशाळेत बुरशी, नीट न धुतलेले गणवेश आणि त्यातून होणारे त्वचेचे रोग, सामन्यांसाठी लांबलचक बसप्रवास.

१८ ऑक्टोबरला जॅक्सन स्टेटविरुद्धच्या सामन्यासाठी बस येऊन उभ्या राहिल्या. एकही खेळाडू चढला नाही. दुसऱ्या दिवशीचा सामना झालाच नाही, समोरच्या संघाला विजय बहाल केला गेला. या असंतोषाची खबर बाहेर गेली ती कॅम्पसवरच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रातल्या पोरांकडून. त्यातल्या दोघांवर नंतर कारवाई झाली.